पिवळ्या डब्यातला रेणू

[दृश्य: शिवडी, सकाळ. गोदामांच्या भिंती, मागून जाणारी लोकल.]

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत शिवडीला एक कारखाना उभा राहिला. आत जायचं पातळ तेल, बाहेर यायचं पांढरं, दाट, तुपासारखं काहीतरी. १९३७ साली ते ‘डालडा’ या नावाने दुकानात आलं. पिवळा डबा, त्यावर ताडाचं झाड. डबा रिकामा झाला की त्यात तांदूळ भरायचे, नाहीतर तुळस लावायची. साजूक तूप ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्या करंज्या-शंकरपाळ्या यातच तळल्या गेल्या. खारीचे पदर सुटले तेही याच्याच जोरावर.

युक्ती जर्मनीची. विल्हेल्म नॉर्मान या रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली तिचं पेटंट घेतलं. तेल तापवायचं, निकेलची पूड घालायची आणि त्यात हायड्रोजन सोडायचा. तेल घट्ट होतं, टिकतं, लवकर खवट होत नाही.

[दृश्य: रेणूंचं रेखाटन. एक वाकडी साखळी, एक सरळ.]

आता जरा आत डोकावू. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं. त्याची साखळी मधोमध, दुहेरी बंधापाशी वाकलेली. वाकडीतिकडी लाकडं मोळीत नीट बसत नाहीत, तसे हे रेणूही एकमेकांना खेटून बसत नाहीत. म्हणून तेल पातळ. हायड्रोजन देताना काही बंध मोडतात, काही नुसतेच फिरतात आणि साखळी सरळ होते. हे झालं इलायडिक आम्ल, म्हणजे ट्रान्स फॅट. अणू तेच, तितकेच. पण ओलेइक आम्ल १४ अंशांच्या आसपास वितळतं, तर इलायडिकला ४५ अंशांच्या आसपास तापमान लागतं.

या सरळ झालेल्या साखळीचं रक्तात काय होतं, हे बरीच वर्षं कुणी नीट मोजलंच नव्हतं. वनस्पती तुपात कोलेस्टेरॉल नसतं, म्हणून ते निरुपद्रवी, असा समज. तेलाच्या पिशवीवर कित्येक वर्षं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापत आले. खरं आहे, आणि निरुपयोगीही. वनस्पतीच्या तेलात ते नावापुरतंच असतं. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतः तयार करतं. ते किती साचेल, यावर खाल्लेल्या फॅटच्या जातीचा मोठा परिणाम होतो.

१९९० साली नेदरलँड्समध्ये मेन्सिंक आणि काटान यांनी ५९ निरोगी माणसांना तीन-तीन आठवडे तीन प्रकारचा आहार दिला. बाकी सगळं जवळपास सारखं. फक्त सुमारे १० टक्के उष्मांक एकदा ओलेइक आम्लातून, एकदा ट्रान्समधून, एकदा संपृक्त फॅटमधून, म्हणजे ज्याच्या साखळीत दुहेरी बंधच नसतो अशा फॅटमधून. ओलेइकच्या तुलनेत संपृक्त फॅटने एलडीएल, म्हणजे धमन्यांच्या भिंतीत साचणारं कोलेस्टेरॉल, दर डेसिलिटरमागे १८ मिलिग्रॅमने चढलं. ट्रान्सने १४ने. इथवर ट्रान्स थोडं बरं वाटेल. पण एचडीएल, ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ते ट्रान्सने ७ मिलिग्रॅमने उतरलं. संपृक्त फॅटने ते हललंही नव्हतं.

[दृश्य: यकृताच्या पेशीचं रेखाटन.]

संपृक्त फॅट काय करतं? यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल पकडून आत घेणारे रिसेप्टर असतात. ते शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५चं नोबेल मिळालं. संपृक्त फॅट जास्त झालं की या रिसेप्टरचं काम मंदावतं आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं.

डेन्मार्कने २००३ साली कायदाच केला: फॅटमध्ये कारखान्यात तयार झालेलं ट्रान्स २ टक्क्यांहून जास्त नको. भारत टप्प्याटप्प्याने तिथवर आला. मर्यादा आधी १० टक्के, मग ५, २०२१ मध्ये ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के.

[दृश्य: बेकरीची भट्टी, मैद्याच्या पोळीवर फॅटचा थर.]

पण खारीला घट्ट फॅट लागतंच. ट्रान्स गेलं, त्या जागी बहुतेक ठिकाणी पाम आलं. पाम तेलात जवळपास निम्मं संपृक्त फॅट असतं. ट्रान्सपेक्षा ते नक्कीच बरं. पण हृदयविकाराचा धोका खरा कमी होतो तो संपृक्त फॅटच्या जागी शेंगदाणा, करडई, मोहरी, सोयाबीन अशी तेलं आली की. त्याऐवजी मैदा आणि साखर आली, तर फारसं काही हाती लागत नाही. खोबरेल तेल झाडाचंच, पण त्यात सुमारे ९० टक्के संपृक्त फॅट. एलडीएल तेही चढवतं. हे कोकणात ऐकवणं अवघड आहे, ठाऊक आहे.

[दृश्य: किराणा दुकान. बिस्किटाचा पुडा उलटा करणारा हात, बारीक अक्षरांवर कॅमेरा.]

पुड्यामागच्या यादीत ‘खाद्य वनस्पती तेल’ लिहिलेलं असतं, आणि कंसात बहुतेकदा एकच शब्द: पाम.