कंपनीच्या विहिरीत पाणी किती?

श्रोतेहो, नमस्कार. मागच्या महिन्यात आमच्या शेजारचे काका एका विमा कंपनीचं रंगीत पत्रक घेऊन ओट्यावर आले. एजंटाने त्यावर हिरव्या पेनाने ‘एए’ या अक्षरांभोवती गोल केला होता. काका म्हणाले, “भाऊ, कंपनी डबल ए आहे म्हन्ते. काढू का मंग पालिसी?”

मी आयुष्यभर सेवा सोसायटीचा गटसचिव. कागद हातात आला की आधी उलटून पाहायची सवय. मागे बारीक अक्षरात होतं, ही श्रेणी कंपनीच्या कर्जरोख्यांना दिलेली आहे. म्हणजे कंपनीने बाजारातून जे पैसे उचलले, ते ती वेळेवर फेडेल का, याबद्दलचं ते मत. विमेदाराचा दावा फेडण्याच्या ताकदीची श्रेणी वेगळी असते. आपल्याकडे पत्रकावर बरेचदा रोख्यांचीच झळकते. दोन्हींचा संबंध आहे, पण एक नव्हेत.

अक्षरांचीही गंमत आहे. क्रिसिल, इक्रा, केअर या कंपन्यांची पत तोलून श्रेणी देणाऱ्या आपल्या संस्थांच्या शिडीत सगळ्यात वर ‘एएए’. नुसता ‘ए’ तिसऱ्या पायरीवर. अमेरिकेतली एएम बेस्ट ही संस्था १८९९ पासूनची, खास विमा कंपन्या तोलणारी. तिच्याकडे सगळ्यात वर ‘ए’पुढे दोन अधिक चिन्हं, आणि नुसत्या ‘ए’लाही ती ‘उत्कृष्ट’ म्हणते. म्हणून अक्षर कोणी दिलं, कशाला दिलं आणि कोणत्या साली, हे विचारल्याशिवाय त्या हिरव्या गोलाला काही मोल नाही.

मग साध्या माणसाने पाहायचं काय? सॉल्व्हन्सी रेशो. वैशाखात आपण विहिरीत डोकावतो ना, ओलित होऊन खाली किती हात पाणी उरलं म्हणून? तसंच हे. सगळी देणी वजा जाता कंपनीजवळ जी शिल्लक उरते, ती नियमाने ठरवलेल्या किमान शिलकीच्या निदान दीडपट हवी. विमा नियामक प्राधिकरणाचा हा दंडक आहे. कंपनीला हा आकडा दर तिमाहीला आपल्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. घरातलं कॉलेजचं पोरगं मोबाइलवर काढून देईल. एकच आकडा पाहू नका, चार तिमाह्यांचे पाहा. दीडच्या वर आहे पण दरवेळी उतरतोय, तर कारण विचारा.

आणि भरलेली विहीर म्हणजे पाणी मिळालंच, असंही नाही. पैसेवाली कंपनीसुद्धा आजार लपवला म्हणून दावा नाकारते. दावे किती फेडले, तो आकडा निराळा. प्राधिकरणाच्या वार्षिक अहवालात असतो. दावा अडवला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे दाद लागली नाही तर प्राधिकरणाचा तक्रारीचा फोन नंबर, १५५२५५.

पीकविम्यात मात्र हा सगळा खटाटोप फुकट. तिथे जिल्ह्याला कंपनी सरकार निविदेतून ठरवतं. कपाशीवाल्याच्या हाती निवड नाही. निवड आहे ती जीवन विमा, आरोग्य विमा, ट्रॅक्टरचा विमा यांत.

काकांनी एजंटाला सॉल्व्हन्सी विचारली. तो चहा प्याला, “बाजाराच्या दिवशी घेऊन येतो” म्हणाला. तीन बाजार झाले. पत्रक काकांच्या लोखंडी पेटीत आहे, मागे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: ‘दीडपट?’

नमस्कार.