मार्चमधला लॅपलँड

[दृश्य : गोठलेलं तळं, किनाऱ्यावर हिमाने लवलेली झाडं, कोवळं ऊन]

फिनलंडचा उत्तर टोकाचा मुलूख. मार्च महिना, सकाळचे नऊ. हिमाचा थर वर्षातला सर्वात जाड असतो तो याच दिवसांत.

लॅपलँड म्हटलं की बहुतेक कुटुंबं नाताळची सुटी धरतात. पण डिसेंबरच्या अखेरीस लॅपलँडच्या मुख्य शहरात, रोवानिएमीत, सूर्य जेमतेम सव्वादोन तास क्षितिजावर असतो. आणखी उत्तरेला, इनारी गावात, तो डिसेंबरच्या सुरुवातीला मावळतो आणि जानेवारी उजाडल्यावरच परततो. पाच वर्षांच्या मुलाला अंधारात, उणे वीस अंशांत बाहेर किती वेळ ठेवणार? मार्चच्या मध्यानंतर बारा तास उजेड मिळतो आणि दुपारचा पारा बहुतेकदा उणे दहाच्या वरच राहतो. मुलं बरोबर असतील तर मार्चच निवडा.

फक्त एक लक्षात ठेवा. फिनलंडच्या शाळांना फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भागाभागाने हिवाळी सुटी असते आणि दक्षिणेतली कुटुंबं उत्तरेकडे येतात. तेव्हा खोल्या मिळत नाहीत. आपल्याकडे मार्च म्हणजे परीक्षांचा महिना, हे खरं. पण बालवाडीतली मुलं असलेल्यांना आणि युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सहज जमवता येईल.

[दृश्य : रात्रीची रेल्वे, झोपायचे बर्थ, खिडकीला नाक लावलेली दोन मुलं]

राजधानी हेलसिंकीहून रात्री निघालेली गाडी सुमारे बारा तासांत रोवानिएमीला पोचते. झोपायच्या डब्यात दोघांची बंद खोली मिळते, वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत शॉवरही असतो. लहान मुलांना विमानापेक्षा ही गाडी जास्त आवडते, आणि एका रात्रीचं हॉटेलही वाचतं.

[दृश्य : सांताचं गाव, जमिनीवरची आर्क्टिक वर्तुळाची रेघ, टपालपेट्या]

शहराच्या उत्तरेला आठेक किलोमीटरवर सांताक्लॉजचं गाव आहे. १९५० साली अमेरिकेचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट आर्क्टिक वर्तुळ पाहायला येणार म्हणून इथे घाईघाईने एक लाकडी खोपटं उभं केलं गेलं. पर्यटन सुरू झालं ते तिथून. गावात शिरायला पैसे पडत नाहीत, सांताला भेटायलाही नाही. फोटो मात्र विकत घ्यावा लागतो. टपाल कार्यालयात दोन पेट्या आहेत, एकीतलं पत्र लगेच निघतं, दुसरीतलं पुढच्या नाताळाला पोचतं. अर्धा दिवस पुरतो.

[दृश्य : लाकडी बाकावर बसलेलं मूल, आई एकेक कपडा चढवते आहे]

पुढचं सगळं ज्यावर अवलंबून आहे, ते इथे दिसतंय. अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ थर. त्यावर फ्लीस किंवा जाड लोकर. सर्वात वर वारा आणि ओल अडवणारा एकसंध डगला. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स, काहीच नको. सूत घाम शोषून ओलं राहतं आणि मूल थांबलं की त्याच ओलीने गारठतं. बूट एक माप मोठे घ्या. आत दोन मोजे चढवूनही बोटं हलली पाहिजेत, कारण घट्ट बुटात उबदार हवेला जागाच उरत नाही. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र ठेवणारे मिटन बरे. मिटनची जास्तीची जोडी नेहमी बरोबर ठेवा, पहिली जोडी तासाभरात भिजते.

मूल गारठलंय का, हे हातांवरून कळत नाही. कॉलरच्या आत बोट घालून मानेमागे तपासा. तिथे ऊब असेल तर काळजी नाही, घाम असेल तर एक थर कमी करा. गालावर पांढुरका डाग दिसला तर उघडा उबदार तळवा त्यावर नुसता टेकवा. चोळू नका, हिम तर मुळीच लावू नका. मग आत चला. सफरींचे आयोजक बहुधा डगला, बूट आणि मिटन देतात, म्हणून बाहेरचा थर विकत आणायची गरज नसते. आतले दोन मात्र घरूनच आणा.

[दृश्य : कुंपणाजवळ रेनडिअर, खुरांनी हिम उकरताना. जवळून खूर, नाक, डोळा]

आता याच्याकडे निवांत पाहा. हिमाखाली त्याला वास लागला आहे तो लायकेनचा. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच वर्गातलं. हिवाळाभर त्याची मदार मुख्यतः यावरच. खुराचा मऊ तळवा थंडीत आक्रसतो आणि कडक कडा पुढे येते. तीच बर्फात रुतते, उकरायलाही तीच. अंगावरचे केस पोकळ, आत हवा भरलेले. श्वासाची हवा नाकातल्या गुंडाळीदार पडद्यांवरून आत जाताना तापते, आणि बाहेर पडताना ऊब व ओल मागे ठेवून जाते. बुबुळामागचा चमकदार पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो, हिवाळ्यात निळा होतो, म्हणजे मंद उजेडातही दिसावं. आणि चालताना जी टकटक ऐकू येते, ती खुरांची नाही. पावलातली, स्नायूला हाडाशी जोडणारी शीर हाडावरून सरकते, तिचा तो आवाज. मुलांना आधी कुठून आवाज येतो ते शोधू द्या.

मोठ्या नरांची शिंगं हिवाळ्याच्या तोंडालाच गळतात. मार्चमध्ये शिंगं दिसतात ती बहुतांशी माद्यांची. उकरलेल्या खड्ड्यावरचा हक्क राखायला गाभण मादीला ती लागतात.

[दृश्य : जुनी छायाचित्रं, वाड्यातला कळप, दोरीचा फास, कानावरच्या खाचा]

लॅपलँडच्या रानात मोकळं फिरणारं हे जनावर बेवारशी नसतं. मे महिन्यात पिल्लं होतात. जूनच्या अखेरीस, डासांनी कळप एकत्र येऊ लागले की, त्यांना कुंपणाच्या वाड्यात वळवतात. कुठलं पिल्लू कुठल्या मादीमागे जातं ते पाहून मालक ठरतो, आणि पिल्लाच्या कानाला धारदार सुरीने खाचा पाडल्या जातात. प्रत्येक मालकाच्या खाचांचा नमुना वेगळा आणि नोंदवलेला. पळत्या कळपातही जाणकार नजर तो ओळखते. शरदात पुन्हा वाडा भरतो. कोणती ठेवायची, कोणती कापायची, कोणता नर खच्ची करून घसरगाडीला जुंपायचा, हे तेव्हा ठरतं. जुंपायच्या नराला शिकवायला काही वर्षं जातात. फिनलंडमध्ये रेनडिअर पाळणाऱ्यांचे ५४ संघ आहेत आणि हिवाळ्यात सांभाळायच्या जनावरांची कमाल मर्यादा २,०३,७०० आहे. स्वीडन आणि नॉर्वेमध्ये हा व्यवसाय मुख्यतः सामी लोकांचा, म्हणजे इथल्या मूळनिवासींचा, हक्क आहे. फिनलंडमध्ये सामी आणि फिन दोघंही तो करतात. हल्ली ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो, हिमावर बर्फाचं कवच धरतं, लायकेनपर्यंत खूर पोचत नाही आणि चारा विकत आणावा लागतो.

[दृश्य : घसरगाडीत आई आणि दोन मुलं, अंगावर रेनडिअरचं कातडं]

म्हणून सफर ठरवताना एकच प्रश्न विचारा : कळप कुणाचा? पाळणाऱ्या घराकडेच गेलात तर पैसेही त्याच घरात जातात आणि मुलांच्या प्रश्नांना खरी उत्तरं मिळतात. सामी पोशाखाची नक्कल घालून फोटो काढू देणाऱ्या जागा टाळा. त्या पोशाखावरून माणसाचं घराणं आणि गाव ओळखू येतं. फिनलंडमधल्या सामींची निवडून आलेली प्रतिनिधी संस्था असलेल्या सामी संसदेने २०१८ मध्ये पर्यटनासाठी नैतिक तत्त्वं ठरवून दिली आहेत, त्यांतही अशा नकलेला विरोध आहे.

गाडी चालण्याच्या वेगानेच जाते. अर्धा तास न हलता बसायचं असतं, त्यामुळे मूल पळताना गारठत नाही ते इथे गारठतं. बसण्याआधी पाच मिनिटं त्याला पळवा. हातपाय गाडीच्या आत ठेवा. शिंगांना हात लावायचा नाही, जनावराच्या मागे उभं राहायचं नाही, आणि लायकेन भरवताना तळहात सपाट ठेवायचा.

[दृश्य : गिरमिट फिरतंय, भोकातून पाणी वर येतं, मूल छोटी गळकाठी धरून बसलंय]

यापेक्षा स्वस्त मजा लॅपलँडमध्ये नाही. फिनलंडमध्ये बर्फातल्या भोकातून साध्या गळाने मासे धरायला बहुतेक पाण्यांवर परवाना लागत नाही, शुल्कही नाही. वाहत्या, सॅमनच्या पाण्यांना वेगळे नियम आहेत. हातभर लांबीची काठी, दोरा, चमकता गळ, त्याला आमिषाची एक अळी. गळ तळाला टेकवायचा, वीतभर वर घ्यायचा आणि हळूहळू हलवत राहायचं. सहसा लागतो तो पर्च, पट्ट्यापट्ट्यांचा, काटेरी पराचा. दहा मिनिटांत काही लागलं नाही तर पुढचं भोक पाडा. भोकावर पातळ बर्फ धरत जातो, तो झाऱ्याने काढत राहायचं काम मुलांना द्या.

माणसाला चालायला किमान ५ सेंटिमीटर घट्ट, निळसर बर्फ हवा, हिमावर धावणाऱ्या स्नोमोबाइल गाडीला १५. मार्चमध्ये तळ्यांवर याच्या कितीतरी पट असतो. पण ओढा मिळतो तिथे, पुलाखाली, सामुद्रधुनीसारख्या चिंचोळ्या जागी आणि लव्हाळ्यांच्या कडेला बर्फ पातळ राहतो, वरचं हिम ते झाकून टाकतं. स्थानिक माणसाच्या पावलांमागून चाला आणि बर्फाचे टोचे, म्हणजे पाण्यात पडल्यास बर्फात रुतवून वर यायच्या अणकुचीदार मुठी, गळ्यात अडकवा.

[दृश्य : इनारी, सिदा संग्रहालय]

रोवानिएमीहून इनारी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, रस्त्याने चारेक तास. सिदा या सामी संग्रहालयाला २०२४ चा युरोपातल्या सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कार मिळाला. हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या दोन हजारांहून अधिक सामी वस्तू २०२१ मध्ये इथे परत आल्या. दोन तास ठेवा.

[दृश्य : तळ्यावरची शर्यत, रेनडिअरमागे स्कीवर वाकलेला स्वार, उडणारं हिम]

मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला इनारी तळ्यावर रेनडिअरच्या अंतिम शर्यती होतात. स्वार गाडीत बसत नाही. स्कीवर उभा राहून, कंबरेत वाकून, दोरीला धरून तो मागे ओढला जातो. वळणाजवळ उभं राहू नका, हिम आणि बर्फाचे तुकडे तिथेच उडतात. शेवटच्या सरळ टप्प्याजवळ, दोरीच्या मागे उभे राहा. पायांखाली रेनडिअरचं कातडं किंवा फोमचा तुकडा टाका, थर्मासमध्ये गरम रस ठेवा, आणि तारीख निश्चित झाल्यावरच इनारीतली खोली आरक्षित करा.