क्रॅनली: अकरा हजारांचं खेडं

[गुरुवारची सकाळ. गाडीतळावर उभारलेले बाजाराचे तंबू.]

आज क्रॅनलीचा आठवडी बाजार.

लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यात, गिल्डफर्डपासून तेराएक किलोमीटरवर हे गाव. वस्ती ११ हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या गावाला एव्हाना नगरपंचायतीचे वेध लागले असते. इथं तर तेही सोपं आहे. १९७२च्या कायद्यानुसार पॅरिश कौन्सिलनं, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीनं, नुसता ठराव केला की गावाचं 'टाउन' होतं. क्रॅनलीनं तो ठराव केलेला नाही. उलट 'इंग्लंडातलं सर्वांत मोठं खेडं' म्हणून मिरवायला गावाला आवडतं. हाच दावा करणारी आणखी दोन-चार गावं आहेत, पण तो विषय इथं काढू नये.

[हाय स्ट्रीट. दुतर्फा मेपलची झाडं.]

ही झाडं पहिल्या महायुद्धात इथं तळ ठोकलेल्या कॅनेडियन सैनिकांनी लावली, असं सांगतात. झाडांमागे दुकानं, वाचनालय, जुन्या शाळेच्या इमारतीतलं कला केंद्र. पुढं मोकळं गायरान, त्यावर क्रिकेटचं मैदान.

[जुनं, लाकडी सांगाड्याचं छोटं घर.]

आपण मात्र थांबायचं ते या घरापाशी.

साल १८५९. गवंडी, शेतमजूर, लाकूडतोडे. कुणी झाडावरून पडला, कुणाचा पाय गाडीखाली आला, तर न्यायचं कुठं? मोठी रुग्णालयं शहरांत. खडबडीत रस्त्यानं तिथवर पोचेपर्यंत जखमी माणूस हाती लागेल याचा भरवसा नाही. घरी ठेवावं, तर एका खोलीत सगळं कुटुंब.

गावातले शल्यचिकित्सक अल्बर्ट नॅपर यांनी यावर साधा उपाय काढला. रुग्णालय म्हणजे मोठी इमारतच हवी असं कुठं आहे? चर्चचे रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरू, सॅप्टे यांनी हे घर बिनभाड्यानं दिलं. खाटा सहा. सुश्रूषेला परिचारिका. खर्चाला वर्गणीदार होतेच, पण रुग्णानंही ऐपतीप्रमाणे आठवड्याला काही द्यायचं. अगदी फुकट नाही, हे मला विशेष वाटतं. मजुराला धर्मादायाचं ओझं नको, एवढी जाण त्यात आहे.

इंग्लंडातलं हे पहिलं 'कॉटेज हॉस्पिटल'. पुढच्या काही दशकांत देशभर अशी शेकडो रुग्णालयं उभी राहिली. १९४८ मध्ये क्रॅनलीचं रुग्णालय राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेलं. २००६ मध्ये इथल्या खाटा बंद झाल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून गाव बरीच वर्षं भांडत राहिलं.

[झाडीतून जाणारी सपाट पायवाट. एक घोडेस्वार, मागे सायकली.]

या वाटेवर कधीकाळी रूळ होते.

त्याआधी गावाजवळून कालवा होता, १८१६ पासूनचा. १८६५ मध्ये गिल्डफर्ड–हॉर्शम रेल्वे आली, मालाची ने-आण तिच्याकडे गेली आणि १८७१ मध्ये कालवा बंद पडला. त्याच सुमारास टपालखात्यानं गावाच्या नावाला हात घातला. पूर्वी ते आखूड स्पेलिंगनं लिहीत. पण पत्रावरच्या घाईच्या हस्ताक्षरात मधल्या 'एन'चा 'डब्ल्यू' वाटे आणि क्रॅनलीचं क्रॉली होई. क्रॉली हे जवळचंच दुसरं गाव! म्हणून शेवटचा 'वाय' काढून 'आय-जी-एच' अशी तीन अक्षरं जोडली. उच्चार होता तोच राहिला.

मग मोटारी आल्या. जे कालव्याचं झालं तेच रेल्वेचं. १९६५ च्या जूनमध्ये, शंभरी भरायला चार महिने असताना, गाड्या थांबल्या. स्थानकाच्या जागी आता दुकानांचा चौक आहे. रूळ होते तिथली ही वाट 'डाउन्स लिंक' म्हणून थेट शोरहॅमच्या समुद्रापर्यंत जाते.

[बसथांबा. पिशव्या घेऊन उभी माणसं.]

आगगाडी पकडायची तर आज आधी बसनं गिल्डफर्ड गाठावं लागतं. बाजार उरकून माणसं थांब्यावर उभी आहेत. समोरून बस येते. कपाळावर गावाचं नाव, टपालासाठी लांबवलेल्या त्याच स्पेलिंगात.