तीन काचा आणि बोटभर काठ

नमस्कार. हा टेबलावरचा चौकोनी तुकडा आधी पहिल्या रांगेत देते, तिथून तो मागे जाऊ द्या. दोन्ही हातांनी धरा. तीस सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, आणि वजन जवळजवळ तीन किलो. चार-चार मिलिमीटरच्या तीन काचा, त्यांच्यामध्ये सोळा-सोळा मिलिमीटरच्या दोन पोकळ्या, एकूण जाडी ४४ मिलिमीटर. ज्यांच्या हातात तो येईल त्यांनी मधून आरपार बघायच्या आधी काठावरून बोट फिरवा. आज मला त्या काठाबद्दल बोलायचं आहे.

पत्रिकेत विषय ‘तीन काचांची खिडकी कुठे लावावी, कुठे लावू नये’ असा छापला आहे. त्यावर मी येणार आहे. पण गेली कित्येक वर्षं मी जिथे जाते तिथे लोक मला एकच विचारतात, ‘किती काचा लावू?’ काठ कसला आहे हे कुणी विचारत नाही. म्हणून आज सुरुवात तिथूनच करते.

काच स्वतः उष्णता फारशी अडवत नाही. काचेची उष्णतावाहकता साधारण १ आहे, पोकळीत भरलेल्या आर्गॉन वायूची ०.०१७. म्हणजे साठपटीचा फरक. अडवण्याचं काम वायू करतो, काच त्याला फक्त जागेवर धरून ठेवते. आणि तेवढ्यानंही भागत नाही, कारण साध्या दुहेरी काचेत निम्म्याहून जास्त उष्णता वायूला बगल देऊन थेट प्रारणानं, म्हणजे किरणांच्या रूपात, एका काचेवरून दुसरीवर उडी मारते. ती उडी थांबवायला काचेवर चांदीचा थर देतात. जाडी दहा नॅनोमीटरच्या आसपास, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पण उघडी काच ८४ टक्के जोमानं उष्णता फेकते, ती या थरामुळे तीन टक्क्यांवर येते. माझ्या मते तिसऱ्या काचेपेक्षा या चांदीचं कौतुक जास्त व्हायला हवं.

आता यू-व्हॅल्यू. एक चौरस मीटर खिडकीतून, आतबाहेर एक अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता निसटते तो आकडा. एकेरी काच ५.८. साधी दुहेरी २.८. चांदी आणि आर्गॉनवाली दुहेरी १.१. तशीच तिहेरी ०.६. आकडे कोरडे वाटतील, म्हणून बाहेर उणे १० अंश आणि आत २० अंश धरून आतल्या काचेला हात लावल्यावर काय होईल ते सांगते. एकेरी काच उणे अडीच अंशांवर, म्हणजे आतून बर्फाची नक्षी. साधी दुहेरी ९ अंश. चांदीवाली दुहेरी पावणेसोळा. तिहेरी पावणेअठरा. त्या शेवटच्या काचेशेजारी तुम्ही खुर्ची टाकून पुस्तक वाचू शकता. पहिलीशेजारी बसलात तर पाठीवर गार झुळूक येत राहील आणि तुम्ही फट शोधत बसाल. फट नसतेच. काचेला लागून गार झालेली हवा खाली घसरते आणि जमिनीवरून पायाशी येते. जुन्या घरांत खिडकीखालीच हीटर बसवलेला असतो, तो या घसरणाऱ्या हवेला अडवायला.

पॅसिव्ह हाऊस, म्हणजे अगदी थोड्या ऊर्जेत उबदार राहणारं घर, त्याची गोष्ट इथूनच सुरू होते. बो अ‍ॅडमसन आणि वोल्फगांग फाइस्ट या दोघांनी १९८८ मध्ये ही कल्पना मांडायला घेतली, आणि १९९१ मध्ये जर्मनीत डार्मश्टाट शहरातल्या क्रानिखश्टाइन भागात चार घरांची एक ओळ उभी राहिली. तिहेरी काच त्यांनी मिळवली, आत क्रिप्टॉन वायू भरलेली, यू-व्हॅल्यू ०.७. पण त्या काचेच्या तोडीची चौकट कुठे होती? मग लाकडी चौकटींना हातानं पॉलियुरेथेन फोमचं इन्सुलेशन केलं. हा तपशील मला फार प्रिय आहे. पहिल्याच घरात त्यांना कळलं होतं की काच चांगली असून भागत नाही.

पुढे त्यांचा नियम ठरला: समशीतोष्ण थंड हवामानात पूर्ण खिडकीची यू-व्हॅल्यू ०.८० च्या वर जाता कामा नये. हा आकडा वीजबिलावरून काढलेला नाही. खोलीच्या हवेपेक्षा खिडकीचा आतला पृष्ठभाग सव्वाचार अंशांहून जास्त गार नसावा, म्हणजे खिडकीखाली हीटर लागणार नाही आणि माणूस खोलीत कुठेही सुखानं बसेल, यावरून तो काढला आहे. हिशेबाच्या मुळाशी माणसाची पाठ आहे, हे मला फार आवडतं.

आता माझी गोष्ट. थोडी लांब आहे, पण हीच सांगायला मी आले आहे.

थंड प्रदेशातलं एक घर मी आखलं होतं. राहणारी दोनच माणसं, निवृत्त नवरा-बायको. भिंती जाड, हवाबंदपणा काटेकोर, ताजी हवा आत आणणारं यंत्र, आणि अकरा खिडक्या, सगळ्या तिहेरी काचेच्या. पहिल्याच हिवाळ्यात सकाळी सात वाजता काकूंचा फोन आला. म्हणाल्या, ‘अहो ताई, तुमच्या खिडकीला घाम फुटलाय.’

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी पोचले. बाहेर उणे ८. काच मधोमध स्वच्छ, कोरडी. पण खालच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटभर रुंदीची दवाची पट्टी. जणू कुणी पट्टी धरून आखली आहे. कोपऱ्यात थेंब जमून ओघळत होते, ते रबरी पट्टीवर साठत होते आणि तिथून लाकडात मुरत होते. लाकडाचा तेवढा भाग काळपट पडला होता. काकूंनी प्रत्येक खिडकीत एक-एक फडकं घडी करून ठेवलं होतं. अकरा खिडक्या, अकरा फडकी. त्या ओळीनं ठेवलेल्या घड्या मला आजही डोळ्यांसमोर दिसतात.

खिडकीवाल्याला बोलावलं. नाव घेत नाही. त्यानं काचेकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, ‘घरात माणसं श्वास घेतात, पाणी येणारच. खिडकी थोडी उघडी ठेवत जा.’ वड्याचं तेल वांग्यावर! ज्या घराची एकेक फट शोधून बुजवली, त्या घरात खिडकी उघडी ठेवायची! आणि दोष कुणाचा, तर श्वास घेणाऱ्यांचा.

मी आर्द्रता मोजली, ५० टक्के. हवा २० अंश. अशा हवेत दव पडायला पृष्ठभाग साधारण सव्वानऊ अंशांच्या खाली जावा लागतो. काचेच्या मध्यावर १७ अंश होते, खालच्या कोपऱ्यात साडेसात. एकाच काचेवर, हातभर अंतरात, साडेनऊ अंशांचा फरक! मग मी टॉर्च तिरका धरून काठात पाहिलं. आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चकाकत होती.

या पट्टीला स्पेसर म्हणतात. तीन काचांना एकमेकींपासून दूर ठेवणारा. आतून पोकळ, त्यात झिओलाइटचे बारीक मणी, पोकळीतली ओल शोषायला. दोन्ही बाजूंना ब्युटाइलचा चिकट थर, आणि बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकोनचं सील. हे सील चांगलं असेल तर आर्गॉन वर्षाला एक टक्क्याहून कमी निसटतो. वाईट असेल तर मणी ओलीनं भरून जातात आणि काचेच्या आतच धुकं बसतं, जे कुणालाच पुसता येत नाही. एवढी सगळी जबाबदारी त्या बोटभर पट्टीवर. आणि ती अ‍ॅल्युमिनियमची असली, तर? प्लॅस्टिकच्या तुलनेत अ‍ॅल्युमिनियम सुमारे हजारपट उष्णता वाहून नेतं. मध्ये चांदी, आर्गॉन, सगळा थाटमाट केला, आणि चारही बाजूंनी उष्णतेला पळायला हमरस्ता बांधून दिला.

मी कागद काढले. ‘खिडकीची यू-व्हॅल्यू ०.६’ असं स्वच्छ लिहिलं होतं, आणि खाली माझी सही होती. तो ०.६ होता काचेच्या मध्यबिंदूचा. काठ धरलेला नव्हता, चौकट धरलेली नव्हती. मी विचारायला हवं होतं, ‘कशाचा ०.६?’ ते न विचारल्याचं मला अजूनही लागतं, कारण त्याची किंमत काकूंनी दोन हिवाळे फडकी पिळून दिली. शेवटी अकराही खिडक्यांच्या काचा बदलल्या. काचा पुन्हा तीनच, वायू तोच, कोटिंग तेच. फक्त स्पेसर प्लॅस्टिकचा. पुढच्या हिवाळ्यात, तशाच थंडीत, त्याच कोपऱ्यात बारा अंश मिळाले. फडकी कपाटात गेली.

हिशेब करूनच दाखवते. १.२३ बाय १.४८ मीटरची खिडकी घ्या, चाचण्यांत हाच आकार वापरतात. सत्तर टक्के काच, तीस टक्के चौकट. काच ०.६ ची, चौकट साधी १.४ ची, काठ अ‍ॅल्युमिनियमचा. पूर्ण खिडकी भरते १.०४! फक्त काठ बदला, ०.९३. चौकटही इन्सुलेशनवाली ०.८ ची घ्या, ०.७५. तिन्ही वेळा काच तीच. कागदावर ‘०.६’ तिन्ही वेळा लिहिता येतो. विकणाऱ्यानं तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून दिलेच पाहिजेत, काचेचा, चौकटीचा आणि पूर्ण खिडकीचा. जो देत नाही त्याच्याकडून खिडकी घेऊ नका.

एक सांगायचं राहिलं. दव दिसलं की लगेच भांडू नका, आधी पाणी कुठे आहे ते बघा. आतल्या बाजूला असेल तर काठ किंवा आर्द्रता तपासा. दोन काचांच्या मध्ये असेल तर सील गेलं. आणि पहाटे बाहेरच्या बाजूला असेल तर खूश व्हा! घरातली उष्णता बाहेरच्या काचेपर्यंत पोचतच नाही, ती काच निरभ्र आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर दव पडतं. ऊन आलं की जातं. अशा दवाची तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्यांचं मी अभिनंदन करून त्यांना परत पाठवते.

अध्यक्षबाईंनी घड्याळ दाखवलं, दहाच मिनिटं उरली आहेत. छापलेला विषय आता भराभर घेते.

तिसरी काच कुठे? जिथे थंडी खोल आणि लांब असते तिथे. चांगली दुहेरी १.१ आणि तिहेरी ०.६, फरक ०.५. आतबाहेर ३० अंशांचं अंतर असेल तर दर चौरस मीटर खिडकीमागे १५ वॅट वाचतात, रात्रंदिवस. पॅसिव्ह हाऊसमध्ये ऐन थंडीतही एक चौरस मीटर जमिनीला १० वॅटपेक्षा जास्त ऊब लागू नये अशी अपेक्षा असते. त्या घरात १५ वॅट ही फार मोठी रक्कम आहे.

उष्ण प्रदेशात? बाहेर ४०, आत २५. अंतर पंधराच अंश, म्हणजे तिसऱ्या काचेनं साडेसात वॅट वाचले. त्याच वेळी पश्चिमेच्या खिडकीवर उन्हाचे ६०० वॅट कोसळत असतील आणि काच त्यातले निम्मे आत सोडत असेल, तर ३०० वॅट घरात आले. साडेसात वाचवायचे की तीनशे अडवायचे? तिथे आधी बाहेरून सावली करा. छज्जा, बाहेरचे पडदे, झडपा. मग ऊन गाळणारी काच घ्या. तिसऱ्या काचेचा विचार त्यानंतर.

थंड प्रदेशात याच्या नेमकं उलटं. तिथे हिवाळ्याचं ऊन हवंच असतं. त्यातला किती हिस्सा आत येतो तो जी-व्हॅल्यूचा आकडा, तिहेरीत साधारण ०.५. सूर्याकडे तोंड असलेल्या खिडकीला तो त्याहून खाली जाऊ देऊ नका, नाहीतर यू-व्हॅल्यूत कमावलेलं उन्हात गमवाल.

वजन. तिहेरी काच चौरस मीटरला ३० किलो, दुहेरी २०. बिजागऱ्या त्या हिशेबानं घ्या, नाहीतर वर्षभरात पल्ला खाली बसेल, रबर नीट दाबलं जाणार नाही आणि वारा आत येईल.

आणि बसवण्याची जागा. खिडकी भिंतीच्या बाहेरच्या कडेला उघडी टाकू नका, इन्सुलेशनच्या थरात बसवा आणि चौकटीवरून इन्सुलेशन थोडं पुढे आणा. भिंत आणि चौकट यांमधल्या सांध्याला आतून हवाबंद टेप लावा, नुसता फोम मारून मोकळे होऊ नका. हासुद्धा काठच, फक्त चौकटीच्या बाहेरचा. बसवल्यानंतरची यू-व्हॅल्यू ०.८५ च्या आत राहिली पाहिजे. त्याचं गणित आज राहिलं.

तो तुकडा परत आला का? आणा इकडे. आता मधले दिवे घालवा कुणीतरी. मी मेणबत्ती पेटवून काचेजवळ धरते, तुम्ही जरा तिरकं बघा. प्रत्येक काचेला दोन पृष्ठभाग, म्हणून सहा ज्योती दिसतील. मोजा. बाहेरून दुसरी आणि पाचवी बघा, त्यांचा रंग बाकीच्यांहून वेगळा आहे. तीच ती चांदी. आता ज्योत मी खाली काठाशी नेते. मागच्या रांगेतल्यांनी पुढे या. पट्टी चकाकतेय की काळी दिसतेय?