हॉलंडमध्ये राहिलेलं सामान

10 मे 1940, पहाटेची वेळ, हॉलंडमधलं हेग शहर. एका हॉटेलच्या गच्चीवर लंडनहून आलेले डान्सर्स उभे आहेत, रात्री उशिरापर्यंत बसमध्ये होते, झोप धड झालेली नाही, आणि समोर आकाशातून जर्मन पॅराशूट उतरतायत.

ही सॅडलर्स वेल्स बॅले कंपनी, जिला आज आपण रॉयल बॅले म्हणून ओळखतो. आदल्याच रात्री यांचा शो होता आर्नेमला. नकाशा काढून बघा, जर्मन बॉर्डर तिथून किती जवळ आहे ते. ब्रिटिश कौन्सिलचा दौरा होता, हॉलंडशी दोस्ती दाखवायची होती वगैरे ठीक आहे, पण मे 1940 मध्ये नाचणाऱ्या पोरापोरींना तिथे पाठवायची आयडिया ज्याची कुणाची होती त्याला कोपरापासून नमस्कार.

कंपनीच्या प्रमुख नीनेट द व्हॅल्वा, सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणायचे. सोबत कोरिओग्राफर फ्रेडरिक अ‍ॅश्टन, संगीताचं सगळं बघणारा कॉन्स्टंट लॅम्बर्ट, आणि वीस वर्षांची मार्गो फॉन्टेन. कसेबसे ही सगळी मंडळी किनाऱ्यापर्यंत पोचली आणि एका मालवाहू बोटीत दाटीवाटीने बसून इंग्लंडला परत आली. सामान मात्र तिथेच राहिलं. सहा बॅलेंचे पडदे, कपडे आणि वाजवायची नोटेशन्स, सगळं गेलं.

आता तुम्ही म्हणाल कपडे काय, परत शिवता येतात. येतातच, आणि शिवलेही. त्या सहातला ‘फसाड’ (Façade) तर त्याच जुलैमध्ये नवे पडदे लावून परत स्टेजवर आला. कारण नवीन बॅलेच्या स्टेप्स कुणी वहीत लिहून ठेवलेल्याच नसायच्या, त्या डान्सर्सच्या अंगात होत्या आणि डान्सर्स तर बोटीतून घरी आले होते.

पण एक बॅले गेला तो गेलाच. ‘होरोस्कोप’, 1938 चा, नाच अ‍ॅश्टनचा, संगीत लॅम्बर्टचं. गोष्ट आपल्याकडे कुणालाही लगेच कळेल अशी, मुलाचा सूर्य सिंहेत, मुलीचा कन्येत, त्यामुळे जमत नाही, पण चंद्र दोघांचाही मिथुनेत आणि तोच शेवटी जुळवून देतो. (आपल्या हिशोबाने दोघांची रास एकच, बॅलेची गरजच पडली नसती!) याचा ऑर्केस्ट्राचा पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं लिहिलेलं संगीत, हॉलंडमध्ये राहिला. काही तुकडे आधीच छापलेले होते म्हणून ते आजही वाजवले जातात, बाकीचं संगीत गेलं आणि नाचही परत कधी उभा राहिला नाही.

इकडे लंडनमध्ये ऑर्केस्ट्रा परवडत नव्हता म्हणून दोन पियानो, त्यातला एक लॅम्बर्ट स्वतः वाजवायचा. बॉम्बिंग सुरू झालं तसं सॅडलर्स वेल्सचं थिएटर बेघर झालेल्या लोकांना राहायला दिलं गेलं, मग कंपनी गावोगाव फिरली आणि 1941 पासून लंडनच्याच न्यू थिएटरला टेकली. दिवसाला एकापेक्षा जास्त शो, आणि गर्दी. लोकांना खरंच बघायचं होतं.

पुरुष डान्सर मात्र एकेक करून सैन्यात जायला लागले. अ‍ॅश्टनलाही एअर फोर्समध्ये जावं लागलं, आणि 1943 मध्ये ‘द क्वेस्ट’ बसवायला त्याला तिथून रजा काढून यावं लागलं. नाच बसवायची बरीच जबाबदारी मग रॉबर्ट हेल्पमनवर आली, ऑस्ट्रेलियन माणूस, आधी फक्त नाचायचा. त्याचा 1942 चा ‘हॅम्लेट’ त्यातूनच आला, आणि माझ्या मते युद्ध नसतं तर हेल्पमनला हा चान्स इतक्या लवकर मिळालाच नसता.

पण युद्धाचा बॅले म्हणायचा तर अ‍ॅश्टनचा ‘दान्ते सोनाटा’. जानेवारी 1940, पोलंड पडून काहीच महिने झालेले. पॉइंट शूज (पंजाच्या टोकावर उभं राहून नाचायचे बूट) नाहीत, सगळे अनवाणी, केस मोकळे, एका बाजूला प्रकाशाची माणसं, दुसऱ्या बाजूला अंधाराची, आणि जिंकत कुणीच नाही. याचंही सामान हॉलंडमध्येच गेलं होतं, तरी युद्धभर नाचला गेला. पुढे मागे पडला, पन्नास वर्षं कुणी केलाच नाही. मग 2000 साली बर्मिंगहॅम रॉयल बॅलेने तो परत उभा केला, त्या काळात कंपनीत नाचलेल्या बायकांना बोलावून, त्यांना जे आठवत होतं त्यावरून.