वजन कशाचे आणि वर्तुळ केवढे : ४×५ कॅमेऱ्यासाठी हलकी वाइड अँगल लेन्स निवडताना

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा विषय तसा अरुंद आहे, आणि मी तो मुद्दामच अरुंद ठेवणार आहे. चार बाय पाच इंची शीट फिल्मचा कॅमेरा पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसाने वाइड अँगल लेन्स कोणती घ्यावी, एवढाच प्रश्न आपल्यापुढे आहे. ‘सर्वांत हलकी घ्यावी’ हे त्याचे सोपे उत्तर मी अनेक वर्षे खरे मानले. ते पुरते खोटेही नाही, पण लेन्सचे वजन नेमके कशासाठी मोजले जाते हे मला त्या काळात कळलेले नव्हते.

प्रथम मोजमापे पाहू. चार बाय पाचच्या फिल्मवर प्रत्यक्ष चित्र उमटते ते साधारण ९५ बाय १२० मिलिमीटरचे, आणि त्याचा कर्ण भरतो सुमारे १५३ मिलिमीटर. म्हणून १५० मिलिमीटर फोकल लेंथची लेन्स या आकाराला ‘नॉर्मल’ मानली जाते; हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स रुंद पाहते. १३५ किंचित रुंद, १०५ स्पष्ट रुंद आणि ९० चांगलीच रुंद, म्हणजे पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर २६-२७ ची लेन्स लावल्यासारखी. साध्या कॅमेऱ्यात ही चर्चा येथेच संपली असती. आपल्या कॅमेऱ्यात मात्र लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये भाता असतो, लेन्स वर-खाली सरकवता येते, कलवता येते, आणि म्हणून लेन्स फिल्मच्या जागी प्रकाशाचे केवढे वर्तुळ टाकते हा प्रश्न फोकल लेंथइतकाच, माझ्या मते तिच्याहूनही अधिक, महत्त्वाचा ठरतो. याला आपण प्रतिमावर्तुळ म्हणू. ते १५३ मिलिमीटरहून लहान असेल तर कोपरे काळे पडतात. जेमतेम तेवढे असेल तर चित्र पूर्ण मिळते, पण लेन्स तसूभरही सरकवता येत नाही.

माझी पहिली वाइड लेन्स होती श्नायडरची ९० मिलिमीटर एफ/६.८ अँग्युलॉन. १९३० च्या दशकातली ही रचना, प्रत्येकी तीन भिंगे एकत्र चिकटवलेले दोन गट, शटरसह वजन दीडशे ग्रॅमच्या आत. शर्टाच्या खिशात मावते आणि लेन्सबोर्डवर बसवलेली असतानाच फील्ड कॅमेरा मिटवता येतो. तिचे प्रतिमावर्तुळ एफ/२२ ला, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच लहान केल्यावर, १५४ मिलिमीटर दिलेले आहे. तेव्हा मी हा आकडा वाचला होता. त्याचा अर्थ मात्र वाचला नव्हता.

हरिश्चंद्रगडावरचे हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. उंची साधारण सोळा मीटर, आणि मागे सरकायला जागा बेताची. मी कॅमेरा उभा लावला, पाणसळ बघून सरळ केला, म्हणजे शिखर मागे कलल्यासारखे दिसू नये, आणि कळस चौकटीत येईना म्हणून लेन्स पंधराएक मिलिमीटर वर सरकवली. ग्राउंड ग्लासवर, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र दाखवणाऱ्या दुधी काचेवर, कळस दिसला. घरी येऊन फिल्म धुतली, तर कळस होता, पण आकाशाचे दोन्ही वरचे कोपरे कात्रीने गोल कापल्यासारखे गेलेले होते. ग्राउंड ग्लासवर चित्र उलटे असते, त्यामुळे हे कोपरे काचेच्या तळाशी, आधीच अंधूक असलेल्या भागात होते. मला ते दिसले नाहीत असे म्हणण्यापेक्षा मी ते पाहिले नाहीत असे म्हणणे अधिक प्रामाणिक होईल.

आता हाच प्रसंग कागदावर मांडून पाहू. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरला, तर लेन्सच्या वर साडेचौदा मीटर चित्रात यायला हवेत. उभ्या फिल्मचा अर्धा भाग ६० मिलिमीटरचा. लेन्स न सरकवता ९० मिलिमीटरची लेन्स अंतराच्या दोन तृतीयांश उंची वर पाहते, म्हणजे कळसासाठी सुमारे २२ मीटर मागे जावे लागते. त्याऐवजी लेन्स ३० मिलिमीटर वर सरकवता आली, तर ६० अधिक ३० बरोबर ९०. जेवढे अंतर तेवढी उंची, म्हणजे साडेचौदा मीटरवर काम भागते. आता १३५ मिलिमीटरची साधी लेन्स घ्या. निक्कोर-डब्ल्यू १३५ चे वर्तुळ २०० मिलिमीटर आणि वजन सुमारे २०० ग्रॅम. उभ्या फिल्मवर ती २८ मिलिमीटर वर सरकते आणि तिलाही कळसासाठी २२ मीटरच लागतात. या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. सरळ उभ्या इमारतीच्या माथ्याचा प्रश्न असेल, तर न सरकणारी ९० आणि भरपूर सरकणारी १३५ एकाच जागी उभ्या राहतात! बाजूंना ९० अधिक दाखवते हे खरे, परंतु आपण वाइड लेन्स विकत घेतो ती पुष्कळदा उंचीसाठी.

तर मग वजन कशाचे? पस्तीस मिलिमीटरच्या आरशाच्या कॅमेऱ्यात वाइड लेन्स जड होते, कारण आरशाला जागा द्यायची म्हणून मागचे भिंग फिल्मपासून दूर ठेवावे लागते. आपल्याकडे आरसा नाही, त्यामुळे तो खर्चही नाही. आपण पैसे आणि ग्रॅम मोजतो ते तिरक्या किरणांसाठी. सपाट फिल्मवर तिरका पडणारा प्रकाश त्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने कमी होतो. ९० च्या लेन्सला कोपरा सुमारे ४० अंशांवर असतो, तेव्हा साध्या लेन्समध्ये तेथे मध्याच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी, प्रकाश पोचतो. सोव्हिएत संघातील रुसिनोव्ह यांनी १९४६ साली आणि लुडविग बेर्टेले यांनी १९५१ च्या बायोगॉनमध्ये दाखवलेली युक्ती अशी, की लेन्सच्या दोन्ही टोकांना मोठी, बाहेरच्या बाजूस फुगीर अशी ऋण भिंगे बसवावीत. मग बाजूने पाहिले असता ॲपर्चरचे छिद्र चपटे न दिसता जवळजवळ गोल दिसते, आणि प्रकाशाची घट चौथ्या घाताऐवजी तिसऱ्या घाताच्या जवळ येते. सुपर-अँग्युलॉन, ग्रँडागॉन, निक्कोर-एसडब्ल्यू, फुजिनॉन-एसडब्ल्यू ही सारी याच कुळातली. त्यांच्या पुढच्या-मागच्या मोठ्या काचा म्हणजेच ते जास्तीचे वजन, आणि त्याच्या बदल्यात मिळते ते २१६ ते २३५ मिलिमीटरचे वर्तुळ.

या कुळातही निवड करावी लागते आणि येथे मात्र माझे मत ठाम आहे. निक्कोर-एसडब्ल्यू ९० दोन रूपांत येत असे : एफ/८ ची ३६० ग्रॅम, ६७ मिलिमीटरचा फिल्टर, एफ/४.५ ची ६०० ग्रॅम, ८२ चा फिल्टर. दोहोंचे प्रतिमावर्तुळ एकच, २३५. जास्तीचे २४० ग्रॅम खर्चून मिळतो तो केवळ फोकस करताना ग्राउंड ग्लासवरचा उजेड. छायाचित्र दोन्हीकडे एफ/२२ लाच घ्यायचे असते. मंदिराच्या गाभाऱ्यात किंवा लेण्यांच्या आत नेहमी काम करणाऱ्याला तो उजेड हवा असेल, ते मी समजू शकतो. गडावरच्या उघड्या उन्हात मात्र चांगले काळे कापड आणि लूप (काचेवर टेकवून पाहायचे छोटे भिंग) पुरते.

आणि २३५ च्या वर्तुळाचाही फार मोह नको. ९० ची लेन्स लावली की भाता इतका दाबला जातो, की सर्वसाधारण फील्ड कॅमेऱ्यावर लेन्स तीसेक मिलिमीटरपलीकडे क्वचितच वर जाते. उभ्या फिल्मवर २१६ चे वर्तुळ ३७ मिलिमीटर सरकू देते, म्हणजे जुनी सुपर-अँग्युलॉन एफ/८ किंवा फुजिनॉन एफ/८ पुरेशी आहे. त्यापुढचे वर्तुळ वापरायचे तर सैल बॅग बेलो, म्हणजे पिशवीसारखा भाता, हवा, आणि तोही शेवटी पाठीवरच चढतो. श्नायडरची सुपर-सिमार एक्सएल ८० (२७१ ग्रॅम, वर्तुळ २१२) हा ॲस्फेरिक (गोलाचा भाग नसलेल्या पृष्ठभागाच्या) भिंगाच्या जोरावर काढलेला सुंदर मार्ग आहे. तिच्या किमतीबद्दल बोलण्याचे धाडस मी करणार नाही.

सेंटर फिल्टरबद्दल, म्हणजे मध्याचा उजेड कमी करून कोपऱ्यांशी जुळवणाऱ्या, मध्यभागी काळसर काचेबद्दल, थोडक्यात सांगतो. लेन्स ३० मिलिमीटर वर सरकवली की आकाशाचा वरचा कोपरा ४८ अंशांपर्यंत जातो आणि उत्तम रचनेच्या लेन्समध्येही तेथे जवळजवळ दोन स्टॉपची घट येते. पारदर्शिकेवर (स्लाइड फिल्मवर) ते सहन होत नाही. कृष्णधवल निगेटिव्हवर मात्र ती घट आकाशाला लावलेल्या फिल्टरसारखी वागते, आणि नको असेल तेथे प्रिंट करताना सावरता येते. दीड स्टॉप प्रकाश खाणारी ती काच मी बरोबर नेत नाही.

जुनी लेन्स विकत घेताना आपल्या हवेत पहिली शंका बुरशीची घ्यावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने कपाटात राहिलेली लेन्स छोट्या टॉर्चने आरपार पाहावी. अँग्युलॉनमध्ये तीन-तीन भिंगे चिकटवलेली असल्याने कडेला इंद्रधनुषी डाग किंवा चंदेरी चकत्या दिसतात का, हेही बघावे; ती चिकटा सुटल्याची खूण असते. शटर कोपल शून्य (या लेन्सवर सर्रास आढळणारे एक शटर) असेल तर एक सेकंदाचा वेग कानाने ऐकावा. तो रेंगाळत असेल तर सफाईचा खर्च किमतीत धरावा.

अँग्युलॉन मी विकली नाही. एकशेवीसच्या रोल फिल्मचा सहा बाय बारा सेंटिमीटरचा होल्डर मागे लावला, की चित्राची उंची ५६ मिलिमीटरच उरते, आणि तेच १५४ चे तुटपुंजे वर्तुळ अचानक २० मिलिमीटर वर-खाली सरकण्याची मुभा देते. कोकणकड्यासारख्या आडव्या, लांबलचक विषयाला ती चौकट शोभतेही. त्यामुळे मंदिरासाठी निघालो तर एफ/८ ची नव्वद, आणि केवळ कड्यांसाठी निघालो तर दीडशे ग्रॅमची ही म्हातारी, असे मी ठरवून टाकले आहे.

दोन्ही लेन्स समोरच्या टेबलावरच्या कॅमेऱ्याशेजारी ठेवल्या आहेत. ग्राउंड ग्लासचे चारही कोपरे कापलेले दिसतील. लेन्स एफ/२२ ला ठेवा, वर सरकवा आणि त्या कापलेल्या कोपऱ्यातून थेट लेन्सकडे पाहा. छिद्र पूर्ण दिसले तर तो कोपरा सुखरूप आहे. मांजराच्या डोळ्यासारखे चिंचोळे दिसले तर वर्तुळाची कड आली. काहीच दिसले नाही, तर तुम्ही हरिश्चंद्रगडावर माझ्या शेजारी उभे आहात. पुढच्या रांगेपासून एकेकाने यावे.