ताऊरासी: नोव्हेंबरची द्राक्षं

नोव्हेंबर लागलाय. इटलीतल्या बहुतेक बागा केव्हाच रिकाम्या झाल्यात, रस पिंपांत गेलाय. इर्पिनियाच्या डोंगरात मात्र काळे घड अजून वेलीवरच लोंबताहेत. तोडायला आलेल्या माणसांची बोटं गारठलीत.

या द्राक्षाचं नाव आल्यानिको. आणि समोरच्या टेकडीवर दिसतंय ते ताऊरासी. नेपल्सच्या पूर्वेला, आवेल्लीनो प्रांतातलं लहानसं गाव. इथल्या लाल वाईनलाही गावाचंच नाव आहे. हे गाव धरून फक्त १७ गावांच्या शिवारात ती करता येते. मातीत ज्वालामुखीची राख मिसळलेली. दिवसा ऊन, रात्री थंडी. द्राक्ष सावकाश पिकतं आणि त्यातला आंबटपणा शेवटपर्यंत टिकून राहतो.

ही वाईन कोवळी असताना एक घोट घ्या. कच्चं केळं खाल्ल्यासारखी जीभ आखडते. सालीतलं आणि बियांतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य ते! म्हणून तिला मुरू द्यावं लागतं. तोडणीच्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून किमान ३ वर्षं, त्यांतलं एक लाकडी पिंपात, असा कायदाच आहे. ‘रिझेर्वा’ म्हणायचं तर ४ वर्षं, त्यांतली दीड लाकडात. त्यानंतरही चांगली बाटली वीस-तीस वर्षं सहज मुरत राहते.

पण इतकं थांबायला शेतकऱ्याला परवडायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते परवडत नव्हतं. फिलॉक्सेरा किडीने वेली खाल्ल्या होत्या, तरुण माणसं पोटासाठी परदेशी चालली होती. भरपूर पीक देणारी बाहेरची वाणं लावा, असाच सल्ला सगळीकडून मिळत होता. आत्रिपाल्दा गावात वाईन करणाऱ्या आन्तोनिओ मास्त्रोबेरार्दिनो यांनी तो मानला नाही. ते आल्यानिकोलाच धरून राहिले. आज ताऊरासी आहे ती मुख्यतः या हट्टामुळे, असं मला मनापासून वाटतं.

१९६८ साली त्यांच्या तळघरात भरलेली ताऊरासी पुढे जगभर नावाजली गेली.

मग २३ नोव्हेंबर १९८०. रविवार, संध्याकाळचे साडेसात वाजून गेलेले. तोडणी आटोपण्याचे दिवस. भूकंपाने दीड मिनिटात इर्पिनियातली गावंच्या गावं पाडली. जवळपास तीन हजार माणसं गेली. उरलेल्यांनी आधी घरं उभी केली, मग बागा सावरल्या. १९९३ मध्ये ताऊरासीला डीओसीजी, म्हणजे इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. दक्षिणेतल्या लाल वाईनला तो पहिल्यांदाच मिळत होता.

आता हा पेला उजेडात धरू. जुनी ताऊरासी आहे. मधोमध अजून गडद लाल, काठाला विटकरी झाक. आधी वाळवलेल्या चेरीचा वास येतो, मग तंबाखूचा, चामड्याचा. तुरटपणा आहेच, पण आता तो जिभेला ओरबाडत नाही.

बाहेर, धुक्यात, शेवटच्या ओळीतले घड तोडणं चाललंय.